घातक कचरा भर समुद्रात का जाळत नाहीत?

प्रश्न : आमचा भाचा मालवाहू जहाजावर नोकरीला आहे. जहाजावर कचरा जाळायची भट्टी असते, असे तो सांगतो. मग कारखान्यांचा घातक रासायनिक कचराही भर समुद्रात नेऊन का जाळत नाहीत? तिथे धुराचा त्रास कुणाला होणार? – एक वाचक, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : भाचा सांगतो ते खरे आहे. पण ती भट्टी जहाजाच्या स्वतःच्या कचऱ्यापुरतीच असते. 'मार्पोल' या आंतरराष्ट्रीय करारानुसार पीसीबीसारखी घातक रसायने तिच्यात टाकता येत नाहीत आणि काय, कधी, कुठे जाळले याची नोंदवही ठेवावी लागते.

तुम्ही सुचवलेला उपाय जगाने करून पाहिला आहे. १९६९ पासून उत्तर समुद्रात खास भट्टी बसवलेली जहाजे कारखान्यांचा क्लोरीनयुक्त द्रव कचरा जाळत. त्यांपैकी 'व्हल्कॅनस' या जहाजाने १९७७ साली पॅसिफिकमध्ये, व्हिएतनाम युद्धातून उरलेला 'एजंट ऑरेंज' या तणनाशकाचा साठा जाळला. हा साठा ८० लाख लिटरांहून अधिक होता.

कचरा पुरता जळतो की नाही, यावर लक्ष कसे ठेवत? धूर दिसला नाही म्हणजे सगळे जळाले, असा आपला समज असतो. काळा धूर नको, हा नियम तिथेही होता, पण तेवढ्यावर भागत नसे. कार्बन पूर्ण जळाला की कार्बन डायऑक्साइड होतो, अर्धवट जळाला की कार्बन मोनॉक्साइड. म्हणून या दोन्ही वायूंचे प्रमाण सतत मोजत. दोन हजार भाग डायऑक्साइडमागे मोनॉक्साइड साधारण एक भाग, म्हणजे ९९.९५ टक्के ज्वलन, ही अपेक्षा होती. ज्वालेचे तापमान सुमारे १२५० अंश सेल्सिअस लागे. ते उतरले की भट्टीत कचरा जाणे बंद करावे लागे.

तरी शंका उरल्याच. हा हिशेब कार्बनचा; विषाचा प्रत्येक रेणू मोडला की नाही, हे त्यातून थेट कळत नाही. शिवाय धूर धुण्याची यंत्रणा नसल्याने हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सरळ समुद्रावर उतरे. बंदरात कचरा भरताना सांडण्याचा धोका वेगळाच. उत्तर समुद्रातले हे काम १९९१ मध्ये थांबले आणि १९९३ साली समुद्रात कचरा टाकण्याविषयीच्या लंडन कराराच्या सदस्य देशांनी औद्योगिक कचरा समुद्रात जाळण्यावर बंदीच घातली.

आता हे काम जमिनीवरच होते. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे त्यासाठी सामाईक केंद्रे आहेत. क्लोरीनयुक्त कचऱ्यासाठी तिथल्या भट्टीच्या दुसऱ्या कक्षात सुमारे ११०० अंश तापमान लागते, निघणारा वायू धुऊन सोडावा लागतो आणि डायॉक्सिन या विषारी संयुगांचीही मर्यादा पाळावी लागते.

शेताच्या बांधावर कचरा पेटवतो, त्या जाळात यातले काहीच नसते. तेव्हा रानातले क्लोरीनयुक्त पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि फवारणीच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या काडी लावून संपवू नका.