खाली पाठवलेला खेळाडू परत येतो का?

प्रश्न : मुलगा अमेरिकेत असल्याने बेसबॉल बघू लागलो. अमक्याला ‘ऑप्शन’ केलं, असं वाचतो. ही काय भानगड? आपल्या सनरायझर्सकडे असं काही असतं का?
– एक वाचक, काचीगुडा, हैदराबाद

उत्तर : मेजर लीगच्या संघाकडे ४० जणांची यादी असते, बहुतेक हंगाम मैदानासाठी २६च उपलब्ध असतात. उरलेल्यांपैकी बरेच जण खालच्या स्तरावरच्या मायनर लीगमध्ये खेळतात. करार न गमावता खेळाडूला तिकडे धाडायचा हक्क म्हणजे ऑप्शन. असे साधारण तीन हंगाम मिळतात. हंगामात एकूण २० दिवस खाली काढले, की एक हंगाम खर्ची पडतो. २०२२ पासून एका हंगामात पाचदाच खाली पाठवता येतं. तिन्ही संपले, की खाली पाठवण्याआधी इतर संघांना त्याला उचलायची संधी द्यावी लागते. म्हणूनच ऑप्शन संपलेला सुमार खेळाडूही कधीकधी संघात टिकून राहतो!

आयपीएलमध्ये खालचा संघच नाही. जास्तीत जास्त पंचवीस जणांच्या संघातला, न खेळवलेला खेळाडू बाकावर बसतो, नाहीतर जायबंदी होऊन बाहेर पडतो. २०२५ मध्ये सनरायझर्सने ॲडम झम्पाच्या जागी स्मरण रविचंद्रनला घेतलं. तोही दुखावला, तेव्हा विदर्भाचा हर्ष दुबे आला, त्याच रणजी मोसमात ६९ बळींचा विक्रम करून. पण बदली घेतली, की मूळ खेळाडू त्या हंगामात परतू शकत नाही. माझ्या मते हा नियम बेसबॉलपेक्षा कठोर आहे.