डोळे मिटले की जाणारा तोल

सकाळी बेसिनपाशी तोंडावर पाणी मारायला डोळे मिटले की माझा तोल जायचा. डोळे उघडे असताना काही नाही. मग तळपायांना मुंग्या. एकदा जिन्यात पायातली चप्पल निसटली, तर दोन पायऱ्या उतरेपर्यंत मला कळलंच नाही. रोजच्या भाजीवालीचं नाव आठवेना, तेव्हा घरचे म्हणाले, "वय झालं आता."

थकव्यासाठी मी मनानेच फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. हिमोग्लोबिन चांगलं आलं आणि मी निर्धास्त झाले. ही माझी मोठी चूक. डॉक्टरांनी घोट्यावर ट्यूनिंग फोर्क टेकवला. तो थरथरत होता, मला काहीच जाणवत नव्हतं. रक्तातलं जीवनसत्त्व बी-१२ निघालं ११२. साधारण २०० च्या खाली म्हणजे कमतरता.

मी जन्माची शाकाहारी, दूध फक्त चहापुरतं आणि १२ वर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन. त्या गोळीने बी-१२ आतड्यात कमी शोषलं जातं. रक्तात आलेलं बी-१२ सुद्धा सगळं उपयोगी नसतं. ट्रान्सकोबालमिन नावाच्या प्रथिनाला जोडलेला थोडा भागच पेशींत शिरतो. मेंदूभोवती तर रक्तवाहिन्यांची घट्ट तटबंदी. फोलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडचंच शरीरातलं रूप, तिथे मुख्यतः मेंदूतलं पाणी तयार करणाऱ्या जाळीतून, ठरावीक वाहकांच्या हातूनच पोचतं. आणि पोचूनही बी-१२ नसेल तर पेशीत ते एकाच रूपात अडकून पडतं. रक्त मात्र बाहेरच्या फॉलिक ॲसिडवर सुधारतं. म्हणून माझा रिपोर्ट चांगला दिसत होता आणि आत बी-१२ अभावी मज्जातंतूंवरचं आवरण झिजत होतं.

म्हणून कळकळीने सांगते, बी-१२ तपासल्याशिवाय नुसतं फॉलिक ॲसिड घेऊ नका. मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल, तर डॉक्टरांना ही तपासणी स्वतःहून विचारा; गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. तपासणीला रक्त आधी द्या, बी-१२ चं इंजेक्शन नंतर, नाहीतर आकडा फसवा येतो. आकडा काठावर असेल आणि त्रास होत असेल, तर पुढच्या तपासण्यांचं विचारा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा विसराळूपणा वयाच्या खात्यात टाकण्याआधी एवढं कराच.

इंजेक्शनं सुरू झाल्यावर दोन महिन्यांत नावं आठवू लागली, उजव्या पायाच्या मुंग्या गेल्या. डावा तळवा अजून बधिर आहे. उशीर झाला होता, असं डॉक्टर म्हणाले. तोंड धुताना माझा एक हात अजूनही बेसिनच्या कडेला असतो.