कोरड्या भूमीची शिदोरी

बालमित्रांनो, नकाशात सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे तळहाताएवढे दिसतात. परंतु एवढ्याशा जागेत निसर्गाने दोन अगदी निराळी राज्ये वसविली आहेत. पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वर आहे. तेथे वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. जांभूळ, हिरडा आणि गेळा यांच्या दाट राईत भर दुपारी अंधारून येते. तेथून पूर्वेकडे सरळ रेषेत सुमारे १२५ किलोमीटर गेले, की माणगंगेच्या काठचे म्हसवड लागते. तेथे एरवी वर्षभरात ५०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही.

असे का व्हावे? अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला अडतात आणि वर चढतात. वर चढताना ते थंड होतात आणि आपल्याजवळील बहुतेक पाणी घाटमाथ्यावरच रिते करितात. पूर्वेकडे उतरताना ते पुन्हा उबदार व कोरडे होतात. अशा प्रदेशाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. माण, आटपाडी, कवठे महांकाळ आणि जत हे तालुके या छायेत येतात. हे वाळवंट नव्हे. पाऊस चांगला झाला तर येथेही ज्वारी-बाजरीची शेते डोलू लागतात. मात्र पाऊस येईलच, असा भरवसा कोणी देत नाही.

या दोन राज्यांच्या मध्ये कृष्णाकाठची सुपीक काळी जमीन आहे. मी तेथला. ऊस आणि हळद पाहत मी वाढलो. कोरड्या भूमीची ओळख मला फार उशिरा झाली, आणि ती करून दिली माझ्याच एका विद्यार्थ्याने.

१९८७ सालची गोष्ट. सांगलीच्या एका शाळेत मी नुकताच शिक्षक झालो होतो. माझ्या वर्गात जत तालुक्यातील एक मुलगा होता. तो शिक्षणासाठी मामाकडे राहत असे. एके दिवशी मधल्या सुट्टीत त्याने डबा उघडला. डब्यात हुलग्याचे शेंगोळे होते. शेजारचा मुलगा मोठ्याने म्हणाला, “अरे, हा तर बैलांचे खाणे खातो!” सारा वर्ग हसला. खोटे कशाला सांगू? मलाही हसू आले. हुलगे मी पाहिले होते ते गोठ्यातच. त्या मुलाने मुकाट्याने डब्याचे झाकण लावले व तो पाणी पिऊन बाहेर गेला. पुढे आठवडाभर त्याने डबा आणलाच नाही.

तो न आणलेला डबा माझ्या मनाला टोचू लागला. दिवाळीनंतर मी वर्गाची सहल काढली, ती त्याच्याच गावी.

त्याची आजी आम्हांला माळ दाखवावयास निघाली. वाटेत एका शेताला निवडुंगाचे कुंपण होते. एका मुलाने त्याची फांदी मोडण्यासाठी हात पुढे केला, तोच आजी ओरडल्या, “हात लावू नगस, लेकरा! त्याचं दूध डोळ्यांत गेलं तर डोळा जाईल!”

थोडे पुढे गेल्यावर दुसरा एक निवडुंग दिसला. त्याचे अंग चपट्या फडांचे होते व फडांच्या कडेला तांबडी बोंडे लागली होती. आजींनी चिमट्याने एक बोंड तोडले, त्यावरील बारीक कुसळे जाळून घासून काढली आणि आतला लालभडक गर मुलांच्या हातावर ठेवला. साऱ्यांची तोंडे रंगून गेली.

“सर, एक निवडुंग विषारी आणि दुसरा गोड, हे कसे?” एका मुलीने विचारले.

मी म्हणालो, “दोघांचे नाव एक असले, तरी कूळ एक नाही. दूध निघणारा निवडुंग आपल्याच देशीचा. फड्या निवडुंग मात्र समुद्रापलीकडील अमेरिका खंडातून आला. मेक्सिको देशात त्याच्या कोवळ्या फडांची भाजी करितात. त्या देशाच्या झेंड्यावरही निवडुंगावर बसलेला गरुड आहे. दोघांची जन्मभूमी निराळी. परंतु पाण्याची वाण दोघांनाही सारखीच. म्हणून दोघांनीही मोठी पाने टाकून दिली, खोड हिरवे केले आणि त्यातच पाण्याचा साठा केला. फड्या निवडुंग तर दिवसा आपली सूक्ष्म रंध्रे मिटून घेतो आणि रात्रीच्या गारव्यात उघडतो. त्यामुळे पाण्याची वाफ कमी होते.”

आजी हसून म्हणाल्या, “म्हंजी आमच्यावानीच की! आमीबी उन्हाची कामं पहाटंच उरकतो.”

माळावरील खडकांच्या फटींतून आजींनी माकडशिंगीच्या बिनपानांच्या, चौकोनी काड्या काढून दिल्या. गुराखी त्या कच्च्याच चावून खातात. नेपतीचे हिरव्या काड्यांचे झुडूपही त्यांनी दाखविले. हीच नेपती राजस्थानात ‘केर’ या नावाने ओळखली जाते. मारवाडातील लोक तिची कच्ची फळे मुरवून व वाळवून ठेवितात. आपण दसऱ्याला जिची पूजा करितो, ती शमी म्हणजे त्यांची ‘खेजडी’. तिच्या वाळविलेल्या शेंगांना ‘सांगरी’ म्हणतात. केर आणि सांगरी यांची भाजी तेथे लग्नाच्या पंगतीतही मानाने वाढली जाते. मुलांनो, टंचाईतून जन्मलेले अन्न पुढे मानाचे पक्वान्न कसे होते, ते पाहिलेत ना?

दुपारी आम्ही अंगणात बसलो. आजींनी भाजलेल्या हुलग्यांच्या पिठाचे ऊन ऊन माडगे वाट्यांतून दिले. मग त्या १९७२ च्या दुष्काळाविषयी सांगू लागल्या :

“पाऊस पाठ फिरवून गेला. इहिरी आटल्या. दिसभर आमी खडी फोडायचो. ह्याचा बा माझ्याशेजारी बसून फोडायचा. धाकल्या पोरांस्नी सरकारची सुकडी मिळायची. रातच्याला वंजळभर हुलग्याचं पीठ आन् पातेलंभर पाणी. येकेक वाटी माडगं पिऊन लेकरं झोपायची. हुलगा हुता, म्हणून माझी चारी लेकरं जगली, मास्तर.”

अंगणात शांतता पसरली. १९७२ साली मीही तुमच्याएवढाच होतो. परंतु आमच्या विहिरीला तेव्हा पाणी होते.

हुलगा हे अल्प पाण्यावर, हलक्या जमिनीतही येणारे पीक आहे. त्याच्या १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. बैलाला तो बळासाठी चारतात. मग तो माणसाने खाल्ला तर त्यात हसण्यासारखे काय? वर्गात हसलेल्या त्या मुलाने आपली वाटी रिकामी केली, स्वतः विसळली आणि तो आजींच्या पाया पडला.

सायंकाळी परतताना मी आजींच्या नातवाला बाजूला घेतले व म्हणालो, “त्या दिवशी मीही हसलो होतो. माझे चुकले.”

तो खाली पाहत म्हणाला, “मी पाहिलं होतं, सर.”

दुसऱ्या दिवशी त्याने डबा आणला.

आज टेंभू व म्हैसाळ या योजनांमुळे कृष्णेचे पाणी उचलून या कोरड्या तालुक्यांतील अनेक गावांना पोचविले जाते. तेथे द्राक्षे आणि डाळिंबे पिकतात. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु कोणती वनस्पती तारते आणि कोणती मारते, ओंजळभर पिठात घर कसे जगवावे, हे ज्ञान आजींसारख्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले आहे. पाणी आले म्हणून ही शिदोरी फेकून देऊ नये. आणि कोणाच्याही डब्याकडे पाहून हसण्यापूर्वी, त्या अन्नाने कोणाकोणाला जगविले असेल, याचा क्षणभर विचार करावा.

स्वाध्याय

१. पर्जन्यछायेचा प्रदेश कशास म्हणतात, ते तुमच्या शब्दांत सांगा.
२. दोन्ही निवडुंगांतील साम्य आणि भेद लिहा.
३. “मी पाहिलं होतं, सर,” या उत्तराने लेखकाच्या मनात कोणते विचार आले असतील?
४. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना टंचाईच्या काळातील एखादा पदार्थ विचारा व त्याची कृती वहीत लिहा. (अनोळखी रानवनस्पती मात्र चाखून पाहू नका.)