कोरफड राहू दे, आधी पाणी ओत

अगं, चहाचं पातेलं कलंडून लेकराचा हात पोळला की जीव कसा थाऱ्यावर राहत नाही, ते मला कळतं. त्यात सासूबाई कोरफड चिरायला घेतात, जाऊ हळद आणते, शेजारीण टूथपेस्ट लाव म्हणते. तू कुणाचंच ऐकू नकोस. हात पाण्याखाली धर, घड्याळ बघून २० मिनिटं. आपल्या धाराशिवला उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, खरंय. मग तांब्याने हळूहळू ओत, खाली स्वच्छ घमेलं ठेव आणि तेच पाणी परत घे. बर्फ नको. कडं, मनगटातला काळा दोरा सूज चढायच्या आत काढ. फोड आला तर फोडू नकोस, वर स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळ.

आणि खरं सांगू का, सासूबाईंचा झाडपाल्यावरचा विश्वास काही खुळा नाही. आपल्या शेजारच्या सोलापुरात, वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयात, डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी वरवर भाजलेल्या १०४ रुग्णांचा अभ्यास १९९१ साली छापला. मधाच्या पट्टीने जखमा नेहमीच्या पांढऱ्या मलमापेक्षा लवकर भरल्या. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी तर केळीचं पान वापरलं. भाजलेल्या माणसाला धास्ती असते ती पट्टी बदलायची, बघ. सुकलेली जाळीची पट्टी जखमेला चिकटते, ओढली की नुकती धरलेली कोवळी कातडीही सोबत निघते आणि माणूस कळवळतो. केळीचं पान मेणचट, ते अलगद सुटतं.

पण ते पान निर्जंतुक केलेलं असतं गं, जखमही डॉक्टरांनी धुतलेली असते. परसातल्या पानावर धूळ असते, पाखरांची घाण असते. आणि त्याच सुब्रह्मण्यम डॉक्टरांनी १९९९ मध्ये लिहिलं, की मध्यम प्रमाणात भाजलेल्यांत मेलेली कातडी लवकर काढून नवी लावणं मधापेक्षा सरस ठरतं. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो.

म्हणून चेहरा, हात, सांधा, जांघ भाजली, कातडी पांढरी किंवा काळी पडली, विजेचा चटका बसला, तर घरी थांबायचंच नाही, १०८ लाव. लहान लेकरू तर डॉक्टरांना दाखवायचंच, धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारायचं. तुला हे जमेल बघ. जखम पूर्ण भरून कातडी कोरडी पडायला लागली, की मग लावू देत सासूबाईंना कोरफड, हौसेने.