घटक ६ : अपरिचित विषयावरील उताऱ्याचे आकलन

६.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला,
• उताऱ्यातील विधान आणि आपले पूर्वज्ञान यांतील फरक ओळखता येईल.
• व्याप्ती, काळ व निश्चितता दाखवणाऱ्या शब्दांचे कार्य सांगता येईल.
• ‘बरोबर’, ‘चूक’ आणि ‘उताऱ्यावरून सांगता येत नाही’ या तीन उत्तरांतून योग्य उत्तर निवडता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मराठीच्या प्रश्नपत्रिकेत विज्ञानविषयक उतारा दिसला की अनेकांची लेखणी थबकते. ‘दहावीनंतर विज्ञान सुटले, आता हे कसे जमणार?’ हा प्रश्न जामखेडच्या संपर्कसत्रांत मी अनेकदा ऐकला आहे. अशा उताऱ्यावरील प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही. लेखकाने नेमके किती म्हटले आहे आणि कोठे थांबला आहे, हे वाक्यांवरून ओळखावे लागते. पुढील उतारा दोनदा वाचा. पहिल्या वाचनात विषय समजून घ्या. दुसऱ्या वाचनात ‘बहुधा’, ‘काही’, ‘आज’, ‘मात्र’ यांसारखे शब्द अधोरेखित करा.

६.३ सरावासाठी उतारा

सस्तन प्राण्यांचे आज तीन गट आढळतात : अंडी घालणारे, शिशुधान आणि अपरास्तनी. कांगारू शिशुधान गटातला. गाय, वटवाघूळ आणि माणूस अपरास्तनी गटातले. अपरा म्हणजे वार. शिशुधानांच्या गर्भालाही वार असते. परंतु ती बहुधा साधी व अल्पकाळ टिकणारी असते. त्यामुळे पिल्लू फार लवकर जन्मते आणि त्याची बरीचशी वाढ आईच्या दुधावर होते. गाईचा गर्भकाळ सुमारे २८० दिवसांचा, तर तांबड्या कांगारूचा सुमारे ३३ दिवसांचा असतो. जन्मतः कांगारूचे पिल्लू जेमतेम एक ग्रॅम वजनाचे असते. बहुतेक शिशुधान माद्यांना पिशवी असते, काहींना नसते.

शिशुधान आणि अपरास्तनी यांचे वंश एका समान पूर्वजापासून सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले असावेत. जीवाश्मांत वार सहसा टिकत नाही. म्हणून अभ्यासक मुख्यतः दातांवरून प्राण्याचा गट ठरवतात. जबड्याच्या प्रत्येक बाजूस शिशुधानांना सामान्यतः चार दाढा असतात, अपरास्तनींना सामान्यतः तीन. तेलंगणातील नसकल येथे दख्खनच्या लाव्हाथरांमधील गाळात एका लहान सस्तन प्राण्याचे दात सापडले. जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी १९८८ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध करून त्याला ‘डेक्कनोलेस्टेस’ हे नाव दिले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा प्राणी अपरास्तनींच्या वंशाकडचा मानला जातो. मात्र तो खरा अपरास्तनी होता की त्यांचा जवळचा आप्त, याविषयी मतभेद आहेत. आज भारतात एकही शिशुधान प्राणी नैसर्गिकरीत्या आढळत नाही.

६.४ विवेचन

(अ) पारिभाषिक शब्द. ‘अपरा’ वाचताच काहींना ‘अपरे नाक’ आठवते, काहींना अपरा एकादशी. येथे तो अर्थ नाही, आणि उताऱ्यानेच ‘म्हणजे वार’ असे सांगून टाकले आहे. गाय व्याल्यावर वार पडेपर्यंत गोठ्यात जागणाऱ्या घरांत हा शब्द परका नाही. ‘शिशुधान’ म्हणजे शिशू ठेवण्याची जागा असलेला. नावावरून सर्वांनाच पिशवी असेल असे वाटते. उतारा मात्र ‘काहींना नसते’ म्हणतो. शब्दाची फोड अर्थाकडे नेते, पण ती व्याख्या नव्हे.

(आ) विधान १ : ‘शिशुधानांना वार नसते.’ एका सत्रात हे विधान बहुतेकांनी बरोबर ठरवले. दुभती जनावरे सांभाळणाऱ्या एका विद्यार्थिनीने तर विश्वासाने सांगितले, “सर, शाळेत आम्हाला असंच शिकवलं होतं.” मी त्यांना पाचवे वाक्य मोठ्याने वाचायला सांगितले. ‘गर्भालाही’पाशी त्या थांबल्या. “म्हणजे असते, पण टिकत नाही,” त्या म्हणाल्या. विधान चूक आहे. ‘ही’ हे एक अक्षर नजरेतून निसटले आणि त्या जागी आठवणीतले उत्तर आले. प्रौढ विद्यार्थ्यांच्या हातून असे अधिक घडते, कारण त्यांच्याजवळ आठवणींचा साठा मोठा असतो. तो साठा उतारा समजण्यासाठी वापरावा. उत्तराचा आधार मात्र उताऱ्यातच शोधावा.

(इ) विधान २ : ‘अपरास्तनी हे शिशुधानांपासून उत्क्रांत झाले.’ पहिल्या वाक्यातील गटांचा क्रम पाहून आपण नकळत शिडी कल्पितो : खालची पायरी, मधली, वरची. उताऱ्यात ‘समान पूर्वज’ असा शब्दप्रयोग आहे. गावातील भावकी आठवा. चुलतभावांचा आजा एक असतो. म्हणून एक चुलतभाऊ दुसऱ्याचा बाप ठरत नाही. विधान चूक.

(ई) विधान ३ : ‘डेक्कनोलेस्टेसला वार होती, हे जीवाश्मावरून सिद्ध झाले आहे.’ वार टिकत नाही आणि ओळख दातांवरून होते, ही दोन वाक्ये एकत्र वाचली की विधान चूक ठरते. ‘मानला जातो’ आणि ‘सिद्ध झाले’ यांत पुराव्याचे अंतर आहे. सौताड्याला विंचरणा नदी ज्या काळ्या कड्यावरून कोसळते, तो कडाही दख्खनच्या लाव्हाचाच. अशा दोन थरांमधील गाळात मिळालेल्या बारीक दातांवरून जेवढे म्हणता येते, तेवढेच लेखकाने म्हटले आहे.

(उ) विधान ४ : ‘भारतात शिशुधान प्राणी कधीच नव्हते.’ शेवटच्या वाक्यात ‘आज’ आहे. भूतकाळाविषयी उतारा मौन बाळगतो. म्हणून उत्तर ‘सांगता येत नाही’. वास्तविक गुजरातमधील वस्तान येथील लिग्नाइट खाणीत प्राचीन शिशुधानाचे जीवाश्म सापडले आहेत. परंतु ही माहिती उताऱ्याबाहेरची असल्याने उत्तरपत्रिकेत तिचा आधार घेता येणार नाही.

६.५ सारांश

उत्तर लिहिण्यापूर्वी आधाराच्या वाक्यावर बोट ठेवा. बोट ठेवायला वाक्यच सापडले नाही, तर ‘सांगता येत नाही’ हे लिहिण्यास संकोचू नका. तेही पूर्ण गुणांचे उत्तर आहे. ‘पर्यंत’, ‘फक्त’, ‘वगळून’ हे शब्द पीकविम्याच्या अर्जात आणि कर्जाच्या कागदातही असतात. तेथे ते निसटले तर नुकसान गुणांपुरते राहत नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. ‘सर्व शिशुधान माद्यांना पिशवी असते.’ हे विधान तपासा व आधाराचे वाक्य लिहा.
२. ‘त्यामुळे’ या शब्दाने कोणते कारण व कोणते परिणाम जोडले आहेत?
३. ‘नसकलच्या प्राण्याचा गर्भकाळ कमी होता.’ उत्तर सकारण लिहा.

उत्तरसूची : (१) चूक, ‘काहींना नसते’. (२) कारण : वार साधी व अल्पकाळ टिकणारी असणे, परिणाम : पिल्लाचा लवकर जन्म व दुधावर होणारी वाढ. (३) सांगता येत नाही. त्या प्राण्याच्या गर्भकाळाचा उल्लेख उताऱ्यात नाही.