वृद्धांचा विमानप्रवास : नियम व सोयी

परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे जाणारी वृद्ध मंडळी आता खेडोपाडीही आढळतात. त्यांची तिकिटे व कागदपत्रे पाहून देण्याचे काम पुष्कळदा गावच्या गुरुजींवर किंवा पंचायत सदस्यांवर येते.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाचे दुसरे टर्मिनल २०१४ साली सुरू झाले. तेथील चाल धडधाकट माणसासही थकविणारी आहे. ज्यांना चालणे झेपत नाही त्यांना विमान कंपनीकडून चाकांची खुर्ची व मदतनीस विनामूल्य मिळतो. मागणी मात्र तिकीट काढतानाच नोंदवावी. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून येथे उतरलेल्या एका वृद्ध दांपत्याने दोन खुर्च्यांची नोंदणी केली होती, मिळाली एकच. ती पत्नीस देऊन ८० वर्षांचे पती पायी निघाले, वाटेत कोसळले व मरण पावले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने संबंधित कंपनीस ३० लाख रुपये दंड केला. खुर्ची येईपर्यंत, कितीही उशीर होवो, जागचे हलू नये, हे प्रवाशास घरीच बजावून ठेवावे.

सामानाविषयी थोडेसे. हातातील पिशवीत १०० मिलिलिटरहून मोठ्या बाटलीतील द्रव चालत नाही. लोणचे व पातळ तूप यांनाही हाच नियम. सुके खोबरे आपोआप तापू शकते, म्हणून त्याची गणना धोकादायक मालात होते. आजीबाईंना हे पटवणे सोपे नाही! नेहमीची औषधे मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातील पिशवीतच ठेवावीत.