ओझे कोणाचे, वाहणार कोण?

पाप, क्षमा आणि मुक्ती : इस्लाम व ख्रिस्ती धर्माच्या श्रद्धांचा तौलनिक अभ्यास



महाराष्ट्रात वसई-मुंबईपासून अहिल्यानगर-जालन्यापर्यंत मराठी बोलणारे ख्रिस्ती बांधव पिढ्यानपिढ्या राहत आहेत. आपली कितीतरी मुले मिशनरी शाळांत शिकतात. डिसेंबर महिन्यात शाळेत गोठ्याचा देखावा उभा राहतो आणि मूल घरी येऊन विचारते, "त्यांचे येशू आणि आपले हजरत ईसा (अ.) एकच ना? मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक तो कोणता?" या प्रश्नाला घरात बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळते. एक, "सगळे धर्म सारखेच." दुसरे, "ते तीन देव मानतात, आपण एक मानतो." पहिल्या उत्तराने सत्य झाकले जाते. दुसऱ्याने शेजाऱ्यावर अन्याय होतो, कारण कोणताही जाणता ख्रिस्ती मनुष्य आपण तीन देव मानतो असे म्हणत नाही.

दिव्य कुरआनच्या सूरह अन्कबूतमध्ये (२९:४६) ग्रंथधारकांशी चर्चा उत्तम पद्धतीनेच करावी, अशी आज्ञा आहे. समोरच्याची श्रद्धा त्याला स्वतःला ओळखू येईल अशा शब्दांत मांडता येणे, ही या उत्तम पद्धतीची पहिली पायरी होय. त्याच भूमिकेतून हा विषय समजून घेऊ या.

समान भूमी

अनेक ख्रिस्ती बांधवांना हे ऐकून आश्चर्य वाटते की, हजरत ईसा (अ.) यांच्यावर श्रद्धा ठेवल्याशिवाय कोणीही मुस्लिम होऊ शकत नाही. संपूर्ण कुरआनात नावाने उल्लेख झालेली स्त्री एकच, ती म्हणजे हजरत मरयम (अ.), आणि एकोणिसाव्या सूरहला त्यांचेच नाव आहे. ईसा (अ.) यांचा पित्याविना झालेला जन्म, आंधळ्यांना व कुष्ठरोग्यांना बरे करणे, अल्लाहच्या अनुज्ञेने मृतांना जिवंत करणे, 'मसीह' ही त्यांची उपाधी आणि अंतिम काळातील त्यांचे पुनरागमन या गोष्टी उभय धर्मांत मान्य आहेत.

इसवी सन ६१५च्या सुमारास मक्केतील छळाला कंटाळून मुस्लिमांची एक तुकडी हबशाला गेली. तेथील ख्रिस्ती राजा नज्जाशीसमोर हजरत जाफर बिन अबू तालिब (र.) यांनी सूरह मरयममधील आयती पठण केल्या. त्या ऐकून राजाचे डोळे पाणावले व त्याने मुस्लिमांना आश्रय दिला, अशी नोंद सीरतच्या ग्रंथांत आहे. मात्र हजरत जाफर (र.) यांनी आश्रयाच्या गरजेपोटी आपली श्रद्धा लपवली नाही. ईसा (अ.) यांच्याविषयी विचारले गेले, तेव्हा ते अल्लाहचे दास व प्रेषित आहेत, असेच त्यांनी राजदरबारात सांगितले. आदर आणि स्पष्टपणा एकत्र कसे नांदतात, याचा हा आदर्श आहे.

एकेश्वरत्व आणि त्रैक्य

ख्रिस्ती धर्माची मुख्य श्रद्धा अशी की, परमेश्वर तत्त्वतः एकच आहे. परंतु त्या एका तत्त्वात पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तीन व्यक्ती आहेत. येशू हा केवळ संदेष्टा नसून मनुष्यदेह धारण केलेला पुत्र आहे. पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, असे इ. स. ३२५ मध्ये निकियाच्या धर्मपरिषदेने घोषित केले. इ. स. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने पवित्र आत्म्यासंबंधीची मांडणी विस्तारली, आणि इ. स. ४५१ मध्ये कॅल्सिडनच्या परिषदेने येशूच्या ठायी पूर्ण ईश्वरत्व व पूर्ण मनुष्यत्व एकत्र असल्याचे सूत्र निश्चित केले. 'पुत्र' या शब्दाचा शारीरिक अर्थ ख्रिस्ती लोकही घेत नाहीत, हे आपण ध्यानात ठेवावे.

इस्लामचे म्हणणे असे की, तत्त्व एक व व्यक्ती तीन, ही विभागणीच अल्लाहच्या अस्तित्वाला लागू होत नाही. तो न कोणाचा जनक आहे, न कोणाचे अपत्य. सूरह इख्लासच्या चार लहान आयतींत हा विषय संपतो. पित्याविना जन्म हा ईश्वरत्वाचा पुरावा ठरत असता, तर माता व पिता दोन्हींविना निर्माण झालेले आदम (अ.) त्याचे अधिक मोठे अधिकारी ठरले असते. सूरह आलि इमरानने (३:५९) ही तुलना स्वतःच केली आहे. सूरह माइदाने (५:७५) तर किती साधी गोष्ट दाखवून दिली! मसीह व त्यांची आई दोघेही अन्न खात असत. ज्याला भूक लागते तो गरजवंत आहे, आणि गरजवंत हा उपास्य असू शकत नाही.

आदम (अ.) यांची चूक : वाटा येथे वेगळ्या होतात

येशूला ईश्वर मानण्याची आवश्यकता ख्रिस्ती विचारात इतकी मूलभूत का आहे? याचे उत्तर शोधत गेलो तर आपण आदम (अ.) यांच्यापाशी येऊन पोहोचतो.

पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात असा विचार मांडला आहे की, एका मनुष्याद्वारे पाप जगात आले आणि एका मनुष्याद्वारेच तारण आले. पुढे संत ऑगस्टीन (इ. स. ३५४ ते ४३०) यांनी त्यावरून मूळ पापाचा सिद्धान्त पद्धतशीर मांडला. त्यानुसार आदमच्या पतनाचा डाग प्रत्येक मनुष्य जन्मतःच घेऊन येतो. सर्वच ख्रिस्ती पंथ तो सारखाच समजतात असे नाही. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरेच्या मते आदमचा दोष नव्हे, तर त्याचे परिणाम, म्हणजे मृत्यू व पापाकडील ओढ, वारशाने येतात. तरीही मनुष्य स्वबळाने या अवस्थेतून सुटू शकत नाही, यावर ख्रिस्ती परंपरेचा मुख्य प्रवाह एकमत आहे. म्हणून सुटकेसाठी ईश्वरालाच मनुष्यरूपात यावे लागले, अशी ही विचारसाखळी आहे.

कुरआनातही आदम (अ.) व हव्वा (अ.) यांनी निषिद्ध वृक्षाचे फळ चाखल्याचा प्रसंग आहे. परंतु त्याचा शेवट वेगळा आहे. दोष एकट्या स्त्रीवर ढकललेला नाही. दोघांनी आपली चूक कबूल केली, क्षमा मागितली, आणि अल्लाहने स्वतः आदम (अ.) यांना याचनेचे शब्द शिकवून त्यांचा पश्चात्ताप स्वीकारला (२:३७). प्रकरण तेथेच मिटले. पृथ्वीवर येणे ही वंशपरंपरागत शिक्षा नसून, आदम (अ.) यांच्या निर्मितीपूर्वीच घोषित झालेली खिलाफतची जबाबदारी होती (२:३०).

हा फरक घराच्या उंबरठ्यावरही दिसतो. कॅथलिक कुटुंबात बालकाला बाप्तिस्मा दिला जातो. त्याने मूळ पाप धुतले जाते अशी त्यांची श्रद्धा आहे. आपल्याकडे नवजात बालकाच्या कानात अजान दिली जाते आणि सातव्या दिवशी अकीका होतो. अकीका हे अल्लाहच्या देणगीबद्दलचे आभार आहेत, कोणतेही पाप धुण्याचा विधी नव्हे. कारण प्रत्येक मूल 'फितरत'वर, म्हणजे निर्मळ नैसर्गिक स्वभावावर जन्मते, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे.

वधस्तंभ

येशूने वधस्तंभावर प्राण देऊन मानवजातीच्या पापांचे प्रायश्चित्त केले आणि तिसऱ्या दिवशी तो पुन्हा उठला, हा ख्रिस्ती श्रद्धेचा कणा होय. ख्रिस्त उठला नसेल तर आपली श्रद्धाच व्यर्थ आहे, इतक्या स्पष्टपणे पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (अध्याय १५) हे मांडले आहे.

कुरआनची भूमिका सूरह निसामध्ये (४:१५७-१५८) आहे : त्यांना ठार करण्यात आले नाही व वधस्तंभावर मारण्यात आले नाही, लोकांसाठी प्रकरण संभ्रमाचे केले गेले आणि अल्लाहने त्यांना आपल्याकडे उचलून घेतले. हा केवळ एका ऐतिहासिक घटनेविषयीचा मतभेद नाही. वधस्तंभ नाही तर प्रायश्चित्ताचे बलिदानही नाही. आणि कुरआनच्या शिकवणीत त्या बलिदानाची गरजही उरत नाही, कारण कोणताही ओझे वाहणारा दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, हा नियम त्यात एकाहून अधिक ठिकाणी घोषित झाला आहे (६:१६४).

न्याय आणि दया

येथे ख्रिस्ती विचारवंत एक गंभीर प्रश्न उपस्थित करतात. परमेश्वर न्यायी आहे. पापाची किंमत कोणी चुकवलीच नाही, तर न्यायाचे काय? आणि क्षमा विनामूल्य मिळत असेल, तर पाप हलके होणार नाही काय? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही.

इस्लामचे उत्तर दोन भागांत आहे. अल्लाहच्या हक्कांसंबंधीचे अपराध क्षमा करण्याचा पूर्ण अधिकार त्यालाच आहे. ज्याचे येणे आहे तोच ते सोडून देत असेल, तर दुसऱ्याने ते भरण्याची गरज उरत नाही. बायबलमधील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तातही (लूक, अध्याय १५) परतलेल्या मुलाला बाप कोणतीही भरपाई न घेता कवटाळतो. ख्रिस्ती भाष्यकार त्या दृष्टान्ताचा अर्थ वधस्तंभाच्या प्रकाशात लावतात. पण आपल्या तौबाच्या कल्पनेशी त्याचे किती जवळचे नाते आहे, हे कोणत्याही मुस्लिम वाचकाला जाणवेल.

माणसांच्या हक्कांचे मात्र तसे नाही. तौबासाठी पाप सोडणे, मनापासून खेद वाटणे व पुन्हा न करण्याचा निर्धार या तीन अटी आहेत. आणि दुसऱ्याचा हक्क बुडवला असेल तर तो परत करणे किंवा त्याची क्षमा मिळवणे ही चौथी. सहीह मुस्लिममधील एका हदीसनुसार हुतात्म्याचेही सर्व अपराध माफ होतात, कर्ज सोडून. म्हणजे येथे पाप स्वस्त झालेले नाही. उलट, हिशेब प्रत्येकाच्या स्वतःच्या नावावर राहिला आहे.

याच ग्रंथातील दिवाळखोराची हदीस आपण ऐकली असेल. नमाज, रोजे व जकातचे ढीग घेऊन येणारा एक मनुष्य. पण त्याने कोणाला शिव्या दिल्या, कोणाचा माल खाल्ला, कोणाला मारहाण केली. त्याची पुण्ये त्या पीडितांना वाटली जातील आणि ती संपली की पीडितांची पापे त्याच्यावर लादली जातील. मग 'कोणी कोणाचे ओझे वाहणार नाही' या नियमाला येथे बाध आला काय? नाही. ते ओझे त्याच्या स्वतःच्या अत्याचाराचे देणे आहे. निरपराध्याने अपराध्याचे ओझे उचलण्याशी त्याचा संबंध नाही.

आरसा आपल्याकडे वळवू या

वाचकहो, हा अभ्यास येथेच थांबला तर तो केवळ दुसऱ्यांच्या श्रद्धेची चिकित्सा ठरेल. जो नियम आपण ख्रिस्ती बांधवांसमोर मांडतो, तो आपल्या घरात लागू आहे का?

एखाद्या थोर व्यक्तीशी नाते जोडले की उरलेले ती पाहून घेईल, असे आपल्यातही कित्येकांना वाटते. कोणी घराण्याच्या भरवशावर असतो, कोणी एखाद्या बुजुर्गाच्या हाताला हात लावल्याच्या, तर कोणी 'आपण तर प्रेषितांची उम्मत' या एका वाक्याच्या. प्रेषित मुहम्मद (स.) यांची शफाअत सत्य आहे, पण ती अल्लाहच्या अनुज्ञेनेच होईल, हे आयतुल कुर्सीत आपण रोज वाचतो. खुद्द प्रेषितांनी (स.) आपली लाडकी कन्या हजरत फातिमा (र.) यांना सांगितले होते की, माझ्या मालमत्तेतून हवे ते माग, परंतु अल्लाहसमोर मी तुझ्या काही उपयोगी पडू शकणार नाही. प्रेषितांच्या कन्येला ही ताकीद असेल, तर आपण कोणत्या भरवशावर निश्चिंत आहोत?

बहिणीचा वारसाहक्क दाबून ठेवायचा, मजुराची मजुरी लांबवायची, शेजाऱ्याची जमीन हातभर सरकवायची आणि मग रमजानच्या सत्ताविसाव्या रात्री रडून मोकळे व्हायचे. असा मनुष्य तोंडाने एक सिद्धान्त बोलतो व जगतो दुसराच. पापाचे ओझे दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर देता येते, असेच त्याचे आचरण सांगत असते.

मुलांना काय सांगावे?

मूल पुन्हा तो प्रश्न विचारील, तेव्हा त्याला सांगावे : होय, हजरत ईसा (अ.) आपलेही आहेत. ते अल्लाहचे महान प्रेषित आहेत आणि त्यांची आई सर्व जगातील स्त्रियांमध्ये निवडलेली आहे. तुझा मित्र त्यांना ईश्वराचा पुत्र मानतो आणि त्यांनी आपले पाप स्वतःवर घेतले असे मानतो. आपण मानतो की अल्लाहला पुत्र नाही, आणि आपली चूक आपणच कबूल करून त्याच्याकडे थेट क्षमा मागायची असते. मित्राची टिंगल करायची नाही आणि आपली श्रद्धाही लपवायची नाही.

सूरह माइदाच्या अखेरीस कियामतच्या दिवसाचे एक दृश्य आहे. आपली उपासना करणाऱ्यांविषयी ईसा (अ.) अल्लाहला नम्रपणे म्हणतील की, तू त्यांना शिक्षा दिलीस तर ते तुझेच दास आहेत, आणि क्षमा केलीस तर तू प्रभुत्वशाली व तत्त्वदर्शी आहेस (५:११८). ही एकच आयत पुन्हा पुन्हा पठण करीत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी संपूर्ण रात्र नमाजमध्ये काढल्याचे हदीसमध्ये आले आहे. सत्य काय ते सांगण्याची जबाबदारी आपली, निवाडा त्याचा. त्या निवाड्याच्या दिवशी आपल्याला जे स्वतःच्याच खांद्यावर घेऊन उभे राहायचे आहे, ते आजच हलके करू या. कोणाचे देणे असेल ते देऊन टाकू या, कोणाला दुखावले असेल त्याची क्षमा मागू या.

अल्लाह आपणा सर्वांना सत्य समजण्याची, ते सौजन्याने सांगण्याची आणि त्याप्रमाणे जगण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.